कायद्याच्या महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा आणि आपली मुले
(विहारात भरलेल्या पालकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घरातील भिंतीवर ज्यांचे चित्र आहे ते बॅरिस्टर होते, ही गोष्ट आपल्या घरातील लहान मूलही सांगते. ते बॅरिस्टर कसे झाले, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. तीन वर्षे नोकरी करून, पैसा साठवून, काही उसना घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा केला. १९२३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू करावयाची तेव्हा सनदेपुरते पैसेही मित्राकडून घ्यावे लागले. हे मी आपला ऊर भरून यावा म्हणून सांगत नाही. वकिलीच्या शिक्षणाला बुद्धीइतकीच पैशाची, कागदपत्रांची आणि मुदतीची आखणी लागते, ती त्या काळीही लागत होती आणि आजही लागते, एवढेच मला दाखवावयाचे आहे. आज त्या आखणीतील पहिला टप्पा म्हणजे दोन तासांची एक प्रवेशपरीक्षा आहे. मुलामुलींना वकील करावे असे ज्यांच्या मनात आहे त्या मातापित्यांनी ही परीक्षा काय आहे ते स्वतः समजून घेतले पाहिजे. क्लासवाल्याने सांगितले तेवढेच आपल्याला कळले, तर आपण त्याचे गिऱ्हाईक होतो. मुलाचे पालक राहत नाही.

प्रथम परीक्षांची ओळख करून घेऊ. आपल्या उपयोगाच्या परीक्षा मुख्यतः दोन आहेत. पहिली कॉमन लॉ ॲडमिशन टेस्ट, जिला सर्वत्र क्लॅट म्हणतात. देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिच्यामार्फत प्रवेश मिळतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा तेवढी वेगळी आहे. क्लॅट २००८ साली सुरू झाली. त्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा निराळी, अर्ज निराळा, प्रवास निराळा असे. पैसेवाल्याच्या मुलाला ते परवडे, आपल्या मुलाला परवडत नसे. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. दुसरी परीक्षा आपल्या राज्याची, म्हणजे राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत २०१६ पासून घेतली जाणारी विधी सीईटी होय. हिच्यातून राज्यातील सरकारी, अनुदानित व खाजगी विधी महाविद्यालयांचे प्रवेश होतात. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अशा दोन्ही अभ्यासक्रमांसाठी हिच्या स्वतंत्र परीक्षा आहेत.

या दोहोंत आपल्या दृष्टीने मोठा फरक भाषेचा आहे. राज्याच्या सीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही मिळते. इंग्रजी विषयाचे प्रश्न तेवढे अर्थातच इंग्रजीत असतात. क्लॅट मात्र संपूर्ण इंग्रजीत आहे. ज्या देशाच्या संविधानाने इतक्या भाषांना मान दिला त्या देशात न्यायशास्त्राच्या उत्तमोत्तम विद्यापीठांचे दार एकाच भाषेत उघडावे, हे मला न्याय्य वाटत नाही आणि त्याविरुद्ध आपण आवाज उठविला पाहिजे. परंतु ज्या मुलीची परीक्षा येत्या डिसेंबरात आहे तिला आपल्या या आंदोलनाचा फायदा होणार नाही. तिने आज काय करावे, ते सांगणे माझे काम आहे.

म्हणून प्रथम इंग्रजीविषयीच बोलतो. २०२० पासून क्लॅटचे स्वरूप पालटले. पूर्वी पाठ केलेल्या माहितीवर पुष्कळ गुण मिळत. आता जवळजवळ सर्व प्रश्न उताऱ्यांवर असतात. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली चार ते सहा प्रश्न, असा तो प्रकार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून प्रश्नांची संख्या १५० वरून १२० करण्यात आली; वेळ १२० मिनिटेच राहिला. हिशेब करून पाहा. वीस-पंचवीस उतारे, म्हणजे दहा हजारांच्या आसपास शब्द वाचावयाचे, शिवाय प्रश्न व पर्याय वाचावयाचे, आणि विचार करून उत्तराचे वर्तुळ काळे करावयाचे, हे सर्व दोन तासांत. ज्या मुलाला इंग्रजी समजते पण जो एकेक शब्द अडखळत वाचतो, तो येथे बुद्धी असूनही मागे पडतो. त्याला कमी पडते ती वाचनाची गती. आणि गती क्लासात विकत मिळत नाही. ती घरी, रोज, वाचूनच येते.

ती कशी आणावी? मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाने अकरावीत प्रवेश घेतल्या दिवसापासून एका इंग्रजी वर्तमानपत्रातील एक अग्रलेख रोज वाचावा. पहिला महिना मोठ्याने वाचावा, म्हणजे डोळा आणि जीभ यांची सांगड बसते. मोठ्याने वाचताना आईने किंवा आजीने शेजारी बसावे. त्यांना इंग्रजी येत नसले तरी मूल कोठे अडखळले ते कानाला कळते. वाचून झाल्यावर लेखकाचे म्हणणे काय, त्याने कोणते कारण दिले आणि ते कारण आपल्याला पटले की नाही, हे मुलाने मराठीत तीन-चार वाक्यांत घरच्यांना सांगावे. यात त्याची इंग्रजी तर सुधारतेच, पण दुसराही एक लाभ होतो, तो मी पुढे सांगणार आहे. दुसऱ्या महिन्यापासून मनात वाचावे आणि घड्याळ लावावे. अनोळखी शब्द वहीत लिहून ठेवावे. परंतु प्रत्येक शब्दाला थांबून शब्दकोश उघडण्याची सवय मोडावी, कारण परीक्षेत शब्दकोश नसतो आणि बहुतेक शब्दांचा अर्थ मागच्या-पुढच्या वाक्यांवरून लागतो. वर्तमानपत्र विकत घेणे शक्य नसेल तर सार्वजनिक वाचनालयात जावे. प्रत्येक विहारात एक इंग्रजी वर्तमानपत्र वर्गणीने सुरू करावे, अशी माझी सूचना आहे. वर्षाकाठी एका मिरवणुकीवर आपण जेवढा खर्च करतो त्याचा लहानसा भागही त्यास पुरेल.

आता कायदेविषयक तर्काचा भाग. क्लॅटमध्ये २८ ते ३२ प्रश्न याचे असतात आणि पाच वर्षांच्या सीईटीतही कायदेविषयक कल चाचणीला मोठा वाटा आहे. या प्रश्नांसाठी कायदा पाठ असावा लागतो असे पालकांना वाटते, आणि मग जाडजूड पुस्तके विकत घेतली जातात. क्लॅटमध्ये तरी तसे नाही. एक नियम दिलेला असतो, एक घटना दिलेली असते. तो नियम त्या घटनेला लावला तर निर्णय काय येईल, एवढेच विचारलेले असते. आपल्याला उत्तम ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ मध्ये झाला. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या काही स्पृश्य गृहस्थांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी वापरावयाचे नाही अशी पूर्वापार चालत आलेली प्रथा आहे आणि न्यायालयाने ती राखावी, अशी त्यांची मागणी होती. दावा खालच्या न्यायालयात फेटाळला गेला, ठाण्याच्या न्यायालयात अपील फेटाळले गेले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयानेही तो फेटाळला. दहा वर्षे हे प्रकरण चालले. आता विचारतो की, न्यायालयाने कोणत्या कारणाने आपल्या बाजूने निर्णय दिला?

आपल्यांतील बहुतेक म्हणतील, माणसाला पाणी नाकारणे हा अन्याय आहे म्हणून. अन्याय तर तो होताच. परंतु निकालाचा आधार तो नव्हता. न्यायालयापुढचा नियम असा होता की, एखाद्या प्रथेला कायद्याचे बळ हवे असेल तर ती अनादी कालापासून, न चुकता, निश्चितपणे चालत आलेली असली पाहिजे, आणि ते सिद्ध करण्याचे ओझे प्रथा सांगणाऱ्यावर असते. वादींना ते सिद्ध करता आले नाही. तळे तर नगरपालिकेच्या ताब्यातील होते आणि नगरपालिकेने ते अस्पृश्यांसाठी खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केलेला होता. प्रथा सिद्ध झाली नाही, म्हणून दावा फेटाळला गेला.

हेच उदाहरण परीक्षेत असे येऊ शकते. नियम: प्रथा अनादी कालापासूनची असल्याचे सिद्ध झाले तरच तिला कायद्याचे बळ मिळते. घटना: एका गावात पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या पाणवठ्यावर अमुक लोकांनी येऊ नये, असा रिवाज त्या दिवसापासून आहे. निर्णय काय? ज्याचे मन भडकले तो मुलगा ‘हा रिवाज अमानुष आहे म्हणून बेकायदा’ हा पर्याय निवडील. तो पर्याय वाचावयास गोड असतो. परीक्षकाने तो मुद्दाम ठेवलेला असतो. ज्याने नियम नीट वाचला तो म्हणेल, पाणवठाच पन्नास वर्षांचा, तेव्हा त्यावरील रिवाज अनादी असणे शक्य नाही. म्हणून त्याला बळ नाही. दोघेही न्यायाच्याच बाजूचे आहेत, पण गुण दुसऱ्याला मिळतील. आणि नियमाच्या जागी संविधानाचे १७ वे कलम दिले असेल, ज्याने अस्पृश्यतेचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध ठरविले आहे, तर मात्र उत्तर बदलेल; मग रिवाज किती जुना हे पाहण्याची गरजच उरणार नाही. दिलेला नियम कोणता, हे पाहून त्याच्याच हद्दीत विचार करणे, यालाच ही परीक्षा तर्क म्हणते. अग्रलेख वाचून लेखकाचे म्हणणे आणि त्याचे कारण वेगळे करून घरात सांगावयाची जी सवय मी वर सांगितली, तिचा दुसरा लाभ हाच आहे.

आपल्या मुलांना हा भाग इतरांपेक्षा अवघड जाण्याचे कारण नाही. ज्या घरात हक्काची चर्चा रोज होते त्या घरातील मूल नियम आणि वस्तुस्थिती यांतील अंतर लहानपणापासून पाहत असते. फक्त तापलेल्या मनाने उत्तर द्यावयाचे नाही, एवढे त्याला शिकविले पाहिजे.

सामान्यज्ञानाविषयी थोडेच सांगतो. मागील बारा महिन्यांच्या घडामोडी, महत्त्वाचे निकाल, नवे कायदे यांची एक वही करावी. येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या पुस्तकांवर मुलाला शिकविणारी अनेक कुटुंबे आहेत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. व्याकरण, गणित, तर्क यांची दहा वर्षांपूर्वीची पुस्तकेही चालतात. परंतु कायद्याची जुनी पुस्तके चालणार नाहीत. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे जे ३०२ वे कलम चित्रपटांमुळे सर्वांना पाठ आहे, ते आता १०३ वे आहे. जुनी मार्गदर्शिका पाठ करून गेलेला मुलगा मेहनत करूनही चुकेल. गणिताचे प्रश्न क्लॅटमध्ये १० ते १४ आणि सीईटीत त्याहून कमी असतात. ते शेकडा, प्रमाण, सरासरी अशा दहावीपर्यंतच्या गणितावरचे असतात. मुलाने गणित सोडून कला शाखा घेतली म्हणून घाबरून जाऊ नये.

चुकीच्या उत्तराला काय होते, हाही प्रश्न पालक विचारतात. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत; म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध तोटा आहे. क्लॅटमध्ये मात्र प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. म्हणून काही शिक्षक सांगतात, खात्री नसेल तर हात लावू नका. हा उपदेश अर्धवट आहे. बारा प्रश्न डोळे मिटून सोडविले तर चार पर्यायांपैकी एक बरोबर या हिशेबाने साधारण तीन बरोबर, नऊ चूक. तीन गुण मिळाले, सव्वादोन गेले, उरला पाऊण. त्यासाठी वेळ घालविण्यात अर्थ नाही. पण त्याच बारा प्रश्नांत मुलाने विचार करून दोन-दोन पर्याय निश्चितपणे बाद केले, तर सहा बरोबर, सहा चूक. सहा मिळाले, दीड गेला, उरले साडेचार. प्रवेशाची यादी जेथे पाव-पाव गुणावर हलते तेथे साडेचार गुणांनी मुलाची विद्यापीठे बदलतात. अर्धी माहिती असलेला प्रश्न सोडून देऊ नये, हे मुलाला हिशेबाने पटवून द्यावे.

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविणे, हा तयारीचा खरा कणा आहे. क्लॅटमध्ये उत्तरे कागदावर वर्तुळे काळी करून द्यावयाची असतात आणि सीईटी संगणकावर होते; तेव्हा सराव त्या-त्या पद्धतीने व्हावा. एक प्रश्नपत्रिका सोडविली की चुकलेला प्रत्येक प्रश्न का चुकला, ते लिहावे: वाचण्यात चूक झाली, नियम लावण्यात झाली की वेळ संपला. आठवड्याला दहा पत्रिका नुसत्या सोडविणाऱ्यापेक्षा एक सोडवून तिची चिरफाड करणारा पुढे जातो, असे मी पाहिले आहे. क्लासविषयी माझे मत विचाराल तर ज्याला परवडते त्याने जावे. पण क्लासच्या फीसाठी दागिने गहाण ठेवावे किंवा सावकाराकडे जावे, इतकी ही परीक्षा गूढ नाही. तळागाळातील मुलांना या परीक्षेसाठी तयार करण्याचे काम कोलकात्याच्या विधी विद्यापीठात शिकविणारे प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० साली ‘इडिया’ या संस्थेच्या रूपाने सुरू केले. ते २०१९ मध्ये गेले, पण संस्था उभी आहे. तिच्याशी संपर्क साधावा. आपल्या वस्तीत विधी शाखेचा एखादा विद्यार्थी असेल तर आठवड्यातील दोन संध्याकाळ त्याने विहारात द्याव्यात. हे त्याचे समाजावरील ऋण आहे, असे मी त्याला स्पष्ट सांगेन.

आता कागदपत्रांचा विषय. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गुण मिळवूनही प्रवेश हुकला अशी उदाहरणे बहुधा येथेच घडतात.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात एक भीती असते, आणि ती जाणूनबुजून पसरविणारेही लोक असतात: ‘तुम्ही बौद्ध झालात, आता तुमच्या सवलती गेल्या.’ एके काळी केंद्र शासनाच्या बाबतीत हे खरे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये केवळ हिंदू धर्मातील व्यक्तीलाच अनुसूचित जातीची मानले जाई. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. आपल्या माणसांना मात्र धर्मांतरानंतर चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींवाचून राहावे लागले. महाराष्ट्र राज्याने १९६० सालीच नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या; केंद्राचा कायदा १९९० मध्ये दुरुस्त झाला आणि त्यात बौद्धांचा समावेश झाला. तेव्हापासून बौद्ध धर्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. ज्याला कोणी असे सांगेल त्याने १९९० च्या या दुरुस्तीचे नाव घ्यावे.

परंतु हक्क असणे आणि तो कागदावर सिद्ध करता येणे, या दोन गोष्टी आहेत; चवदार तळ्याच्या दाव्यात आपण हेच पाहिले. प्रमाणपत्रावर मूळ अनुसूचित जात आणि बौद्ध धर्म या दोहोंची संगती लागली पाहिजे. राज्यातील प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी अनुसूचित जातीच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. आपली अडचण येथेच येते. ज्या घरांनी १९५६ नंतर अभिमानाने शाळेत केवळ ‘बौद्ध’ असे लिहविले, त्यांच्या मुलांच्या आणि कित्येकदा वडिलांच्याही दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेखच नाही. त्यात त्यांनी काही वावगे केले नाही. मग पुरावा आजोबा-पणजोबांच्या नोंदीत शोधावा लागतो: जुन्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, महसुली दप्तरातील जुने कागद. ही कागदपत्रे गावच्या शाळेत आणि तहसील कचेरीत असतात, आणि ती एका फेरीत मिळत नाहीत. त्यानंतर वंशावळ लिहून देणे, शपथपत्र करणे, समितीने एखादी त्रुटी काढल्यास ती दूर करणे, यात महिने जातात. म्हणून मुलगी अकरावीत गेली की त्याच वर्षी वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. परीक्षेचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू केली तर प्रवेशाची फेरी निघून जाते. घरात एका थोरल्या भावाचे किंवा काकांचे वैधता प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडावी. रक्तसंबंधातील वैधता हा मजबूत पुरावा मानला जातो. आणि ज्यांनी दीक्षेनंतर नाव अथवा आडनाव बदलले असेल त्यांनी तो बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे, अशी स्थिती राहू देऊ नये.

पात्रतेची अट जड नाही. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीत खुल्या वर्गाला ४५ टक्के, तर अनुसूचित जातींना ४० टक्के गुण लागतात. वयाची कमाल मर्यादा या परीक्षांना नाही. ही गोष्ट मी विशेषतः भगिनींसाठी सांगतो. पदवी झाली, लग्न झाले, मुले झाली आणि शिक्षण थांबले, अशा कितीतरी सुना आपल्या घरांत आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी त्यांच्यासाठी खुली आहे. २०२५ पासून या परीक्षेतही १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, आणि त्यात गणिताचा भाग नाही. सासूने चार महिने संध्याकाळचा स्वयंपाक हाती घेतला तर सून ही परीक्षा देऊ शकेल. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात ॲट्रॉसिटीच्या खटल्यात पीडित स्त्रीशेजारी उभी राहणारी वकील स्त्री असणे याचे मोल काय, ते ज्यांनी ते खटले पाहिले आहेत त्यांना सांगावे लागणार नाही.

पैशाचे पाहू. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा वार्षिक खर्च मोठा, लाखांत असतो, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु केंद्र शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी उच्च श्रेणी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. ती ठरावीक नामांकित संस्थांना, त्यांत राष्ट्रीय विधी विद्यापीठांनाही, लागू असून तिची वार्षिक उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. मात्र प्रत्येक संस्थेत तिच्या जागा मोजक्या असतात; प्रवेश मिळताच पहिल्या दिवशी कार्यालयात चौकशी करावी. राज्यातील महाविद्यालयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे आणि अर्ज महाडीबीटीवर करावयाचा असतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे रक्कम अडकून पडते. तेवढे आधीच करून घ्यावे. क्लॅटच्या अर्जाची फी अनुसूचित जातींनाही हजारांत भरावी लागते, सवलत थोडी आहे. एवढ्या रकमेसाठी कोणाचाही अर्ज राहू नये, ही विहाराच्या कमिटीची जबाबदारी मानावी.

विदेशात जाऊ पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगतो. अमेरिकेत वकिलीचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि तेथे १९४८ पासून एलसॅट नावाची परीक्षा आहे. तीतही कायद्याचे ज्ञान विचारत नाहीत. वाचन आणि तर्क यांचीच कसोटी असते, गुण १२० ते १८० या मापात मिळतात. तिच्यात आकृत्या काढून सोडवावे लागणारे कोड्यांसारखे प्रश्न असत. एका दृष्टिहीन उमेदवाराने दावा लावला की, ज्याला आकृती दिसत नाही त्याच्यावर हा अन्याय आहे. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतून काढण्यात आला. वकील होऊ पाहणाऱ्याने वकील होण्यापूर्वीच परीक्षा दुरुस्त करून घेतली! आपल्याकडेही डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटच्या उत्तरसूचीविरुद्ध विद्यार्थी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, काही उत्तरे चुकीची ठरली आणि २०२५ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

यावरून परीक्षेनंतरच्या कामाची आठवण होते. परीक्षा झाली की तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध होते आणि तिच्यावर हरकत घेण्यासाठी थोड्याच दिवसांची मुदत असते. मुलाने त्याच रात्री आपली उत्तरे ताडून पाहावी. उत्तरसूची चुकीची आहे असे पुराव्यानिशी दाखविता येत असेल तर प्रश्नाचा क्रमांक, आपले कारण आणि त्याचा आधार लिहून मुदतीत हरकत नोंदवावी. हरकतीला फी लागते, म्हणून ज्याविषयी आधार हाती आहे तेवढ्याच प्रश्नांवर ती घ्यावी. प्रवेशपत्र, उत्तरांची प्रत, हरकतीची पावती हे सर्व एका फाईलमध्ये ठेवावे, आणि त्या फाईलच्या पहिल्या पानावर वैधता प्रमाणपत्र असावे.

ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. जातीचा दाखला, वडिलांचा व आजोबांचा शाळेचा उतारा यांपैकी काय हाती आहे आणि काय नाही, त्याची यादी आपण येथेच बसून करू. इतरांनी आपले प्रश्न आता विचारावेत.